पाण्याखालची बॅटरी: मुख्य दिव्यात कोणते सेल, राखीव दिव्यात कोणते

आपल्या सोलापुरात ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च, आणि तिच्या पोटात घालायचे ते ‘सेल’. रात्रीची लाईट आली की रानात मोटार चालू करायला निघालेल्या माणसाच्या हातात असते ती बॅटरी. मीही इथे तसंच म्हणतो, आणि ‘दिवा’ म्हटलं तरी तीच, म्हणजे घोळ नको.

सकाळी सोबत पोहणाऱ्या मित्राची मुलगी फेब्रुवारीत अंदमानला स्कूबा डाइव्हिंगच्या अ‍ॅडव्हान्स्ड कोर्सला चालली आहे. त्यात तिने नाईट डाइव्ह, म्हणजे रात्रीची बुडी, निवडलीय. परवा तिने विचारलं, “काका, एकच भारीतली घेऊ का दोन साध्या?” मी म्हटलं, एक बरी घे, एक साधी घे, पण दोन्हींत एकाच जातीचे सेल घालू नकोस. ‘का’ म्हणून विचारलं तिने, आणि पाऊण तास गेला.

आधी एक सांगतो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना दिवसा, उथळ पाण्यात, हाताला धरून नेतात. तेवढंच करायचं असेल तर काहीच घेऊ नका, पैसे माशांच्या थाळीवर घाला. घरातली ‘वॉटरप्रूफ’ बॅटरी किंवा आयपी ६८ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलेली वस्तूही चालेल असं समजू नका. दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो, ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो. डाइव्हिंगसाठी बनवलेल्या दिव्यावर मीटरमध्ये खोली लिहिलेली असते, ती बघून घ्यायचा.

आता मुद्द्याचं. मुख्य दिवा तासभर जीव तोडून जळतो, पण तो आदल्या रात्रीच चार्ज केलेला असतो. राखीव दिवा वर्षभर काहीच करत नाही आणि एखाद्या रात्री अचानक त्याला वीस मिनिटं पेटावं लागतं. एकाला ताकद लागते, दुसऱ्याला धीर. त्यात आपण समुद्रापासून इतके लांब की वर्षातून एक-दोनदाच पाण्यात उतरतो. बाकीचे महिने दिवा कपाटात, आणि आपलं कपाट मे महिन्यात कसं तापतं ते सांगायला नको. मालवणच्या माणसाचा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही तो यामुळे.

मुख्य दिव्यासाठी आज चार्ज होणाऱ्या लिथियम-आयन सेलला पर्याय नाही. १८६५० म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. २१७०० म्हणजे २१ आणि ७०. पहिल्यात चांगल्या कंपनीचा असेल तर साधारण ३,५०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप), दुसऱ्यात ५,००० च्या आसपास भरतं. हिशेब सोपा आहे: ३,५०० एमएएच म्हणजे ३.५ अँपिअर-तास, आणि ३.६ व्होल्ट गुणिले ३.५ म्हणजे साडेबारा वॉट-तास. हजार लुमेनचा (लुमेन म्हणजे प्रकाशाचं माप) दिवा साधारण दहा वॉट खातो, म्हणजे १८६५० वर तासभर आणि वर थोडं. एक डाइव्ह होते, दुसरीला सेल बदलावा लागतो. २१७०० वर दोन डाइव्ह ओढूनताणून होतात. नवीन घेणार असाल तर माझा कौल २१७०० ला. फक्त संरक्षक सर्किट असलेला सेल दोन-चार मिमी लांब असतो आणि काही दिव्यांत बसत नाही, तेवढं दुकानात घालून बघा.

आणि नकली माल. १८६५० वर ‘९,९००’ छापलेलं दिसलं की हात जोडून पुढे जा, एवढी क्षमता या आकारात मावतच नाही. मी एकदा फसलोय. ऑनलाइन स्वस्तात दोन घेतले. अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, नाईट डाइव्हमध्ये अर्ध्या तासाच्या आत दिवा एकदम बंद. मंद झाला नाही, लुकलुकला नाही, फट्‌कन अंधार. परत आल्यावर ओळखीच्या सराफाकडे सोन्याच्या काट्यावर ठेवला. खरा १८६५० पंचेचाळीस ग्रॅमच्या वर भरतो, हा तिशीतच अडकला. सराफ म्हणाला, “मालक, यात तूट जास्त आहे.”

त्या ‘फट्‌कन’ला कारण आहे. बहुतेक लिथियम-आयन दिव्यांत सर्किट शेवटपर्यंत प्रकाश सारखा ठेवतं आणि सेल ३ व्होल्टच्या आसपास आला की तोडून टाकतं. अल्कलाइनवर चालणारा साधा दिवा हळूहळू मंद होत जातो. तोच त्याचा इशारा, आणि राखीव दिव्यात मला तो गुण मोठा वाटतो.

मग राखीवमध्ये अल्कलाइन पेन्सिल सेलच घालावेत का? बरेच जण घालतात, आणि आठवडाभराच्या सहलीला ते ठीकच आहे. नवे घाला, परत आल्यावर काढून भिंतीवरच्या घड्याळात टाका. पण तो ‘काढून’ शब्द विसरलात तर उन्हाळ्यात ते गळतात. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन स्प्रिंगवर पांढरा थर चढतो आणि दिवा संपतो. माझा एक असाच गेला. शिवाय दिव्याने जास्त करंट मागितला, एक अँपिअरच्या घरात, तर अल्कलाइन छापील क्षमतेच्या निम्मंही देत नाही. टपरीवरचे स्वस्त झिंक-कार्बन सेल तर रिमोटलाच शोभतात.

निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे चार्ज होणारे पेन्सिल सेल, १.२ व्होल्टचे. जुने सेल दोन-तीन महिन्यांत पडूनच उतरायचे. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले आणि ही तक्रार बरीच मिटली. २,००० एमएएचच्या आसपासचे हे सेल वर्षभर पडून राहिले तरी बहुतेक चार्ज टिकवतात. भार ओढताना अल्कलाइनपेक्षा भक्कम, पण शेवटी तेही झपकन पडतात. हे सेल घालायचे तर सगळे एकाच वयाचे, एकाच चार्जचे घाला. एक कमकुवत निघाला तर बाकीचे त्याला उलटं चार्ज करतात, त्यातून हायड्रोजन सुटतो, आणि डाइव्हचा दिवा म्हणजे घट्ट बंद डबा. पाणी शिरलेला दिवा उघडतानाही तोंडासमोर धरू नका, तो याच कारणाने.

सीआर१२३ए हा बुटका ३ व्होल्टचा लिथियम सेल चार्ज होत नाही, पण दहा वर्षं पडून राहतो आणि गळायचं नाव घेत नाही. लिथियमचे पेन्सिल सेलही तसेच: अल्कलाइनच्या दोन-तृतीयांश वजन, उन्हाळ्याला दाद देत नाहीत. दोन्ही महाग, आणि सोलापुरात शोधत फिरावं लागतं. तरी राखीव दिव्यासाठी मी हेच घालतो, कारण वर्षाला एक जोडी लागते, तीही बहुतेकदा न वापरता. फक्त लिथियम पेन्सिल सेल नवा असताना १.८ व्होल्टपर्यंत दाखवतो. काही दिवे बनवणारे म्हणूनच तो घालू नका म्हणतात, पत्रक वाचा. आणि त्याच आकाराचा ३.७ व्होल्टचा चार्जेबल सेल ‘बसतो म्हणून’ घातलात तर दिवा जळून निकामी होईल.

मग त्या मुलीचं काय ठरलं? मुख्य: २१७०० चा, हजार लुमेनचा, अरुंद झोताचा. पुढे कधी कोकणात उतरली तर तिथल्या गढूळ पाण्यात रुंद झोत म्हणजे धुळीच्या रस्त्यावर अपर लावल्यासारखं, समोर पांढरी भिंत. राखीव: दोन-तीनशे लुमेन, चार्ज न होणारे लिथियम सेल, डोकं पिळून पेटवायचा. आतच सेल बसवलेले यूएसबी दिवे तिला आवडले होते. ते उघडावे लागत नाहीत, त्यामुळे पाणी शिरायची धास्ती कमी, हे खरं. पण सेल मेला की दिवा मेला, आणि खाऱ्या पाण्याने चार्जिंगची पिन गंजते. राखीव म्हणून तर नकोच, कारण तो चार्ज आहे का हे तुम्हाला आठवणार नाही.

उघडणाऱ्या दिव्याची ओ-रिंग, म्हणजे सांध्यातून पाणी शिरू न देणारी रबरी कडी, हा त्याचा प्राण. एक केस, वाळूचा एक कण पुरे. सोलापूरचा टॉवेल जगभर जातो, मी रोज तोच वापरतो, पण ओ-रिंग त्याने पुसायची नाही, धागे सुटतात. बोटाने सिलिकॉन ग्रीस, पातळ. डाइव्हनंतर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. घरी आल्यावर सेल किती वेळ जातो ते तपासायचं असेल तर दिवा बादलीत बुडवूनच जाळा, कारण पाण्याशिवाय तो तापतो. नळाला रोज पाणी येत नाही मान्य, पण तीच बादली नंतर कुंड्यांना घालता येते.

लिथियम-आयन कपाटात पूर्ण भरून ठेवू नका. ३.७-३.८ व्होल्टवर, म्हणजे निम्म्याच्या आसपास, घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा. विमानात सुटे सेल हातातल्या बॅगेतच, टोकांना चिकटपट्टी लावून किंवा प्लास्टिकच्या डबीत. जून २०२५ पासून सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं, तिथेही हाच नियम. डाइव्हचा दिवा चालू झाला तर आग लावण्याइतका तापतो, म्हणून सेल आणि दिवा वेगळे करायचे आणि विमान कंपनीला आधी विचारायचं.

राहिलं टांगणं. राखीव दिवा छातीवरच्या पट्ट्याला, रबराखाली, जिथे डोळे मिटून हात जाईल. पिळायचं डोकं पूर्ण सैल करून ठेवायचं, अर्धवट ठेवलं तर खोलीवरच्या दाबाने दिवा आपोआप पेटतो आणि सेल संपतो. उतरण्याआधी होडीवर एकदा पेटवून बघायचा. टांगायचा हुक दिव्याला लोखंडी कडीने जोडायचा नाही, दोरीने बांधायचा. अडकला तर दोरी कापता येते.