१/३५ चा जंगल सेट: पानं एक नंबर, रेझिनचं मात्र जपून

डब्यावर मस्त फोटो आहे, घनदाट झाडी, मधून चिखलाची वाट, वाटेवर रणगाडा, आणि खाली लिहिलंय की १/३५ (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या) जंगल डायोरामासाठी, म्हणजे छोट्या मॉडेल्सच्या देखाव्यासाठी, लागणारं सगळं आत आहे. सगळं नाहीये. पण जे आहे त्यातलं निम्मं इतकं भारी निघालं की गेले दोन महिने मी दुसरं कुठलंच किट उघडलेलं नाही, म्हणून म्हटलं नीट लिहूनच टाकू.

आत लेझरने कापलेल्या कागदी पानांच्या दहा शीट आहेत, केळ, पाम, नेचे, अळूसारखी मोठी पानं, बांबूची पानं, वेली आणि मॉन्स्टेरा (याच्यावर पुढे बोलायचंय), शिवाय बारीक तार, गवताचे तंतू, चिखलाच्या पेस्टची डबी आणि पाणी दाखवायला दोन बाटल्यांचं रेझिन (दोन्ही मिसळून ओतलं की काचेसारखं घट्ट होतं ते). बेस नाही, झाडांची खोडं नाहीत, गोंद नाही. खोडं नाहीत हे मला आधी खटकलं, पण खरं सांगायचं तर वाळक्या झुडपाच्या मुळांपेक्षा चांगलं खोड कुठल्याच डब्यात मिळत नाही, त्यामुळे सोडून दिलं.

माझ्याकडे एम३ ली (दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी रणगाडा) याचं मॉडेल अर्धवट पडून होतं, तेच घेतलं. १९४४ चा बर्मा फ्रंट, ओढा ओलांडून वर चढणारा ली आणि बाजूला चार पायदळवाले असा सीन. हा रणगाडा दिसायला उंटासारखा, ३ मीटरच्या वर उंची, ७५ मिमीची तोफ बाजूच्या खोबणीत आणि वरच्या छोट्या टरेटमध्ये (फिरत्या बुरुजात) ३७ मिमीची, बाकी आघाड्यांवर तोपर्यंत म्हातारा झालेला, पण जपान्यांकडे रणगाडाविरोधी शस्त्रं कमी असल्यामुळे इथे शेवटपर्यंत कामाला आला. कमांडर मी हॅचमधून (वरच्या झाकणातून) अर्धा बाहेर ठेवलाय, कारण जंगलात आत बसून काही दिसायचंच नाही. १३ एप्रिल १९४४ ला इंफाळजवळच्या नुंशिगुम टेकडीवर ली चढवले तेव्हा अरुंद धारेवर गाडी सांभाळायला कमांडरांना डोकं बाहेर काढावं लागलं आणि त्यातच बरेच जण गेले. असो, रिव्ह्यू जंगलाचा आहे.

तर पानं. केळीचं पान शीटमधून सुटं करताना ब्लेड एकदम नवं लागतं, नाहीतर जिथे जोड ठेवलेत तिथे कागदाची पिसं निघतात. सुटं केलं की मऊ फोमवर ठेवायचं आणि गोल टोकाच्या हत्याराने मधल्या शिरेवरून एकदा दाबत न्यायचं, दोन्ही बाजू आपोआप वर उचलल्या जातात, मग उलटं करून टोकाला हलकं दाबलं की पान खाली झुकतं. इतकंच, दहा सेकंदांचं काम, पण सपाट कागदाचं एकदम पान होतं आणि मग तुम्ही रात्री दीड वाजेपर्यंत तेच करत बसता. केळीला आणखी एक गोष्ट करा, बारीक कात्रीने कडेपासून मधल्या शिरेपर्यंत तिरके काप द्या, सगळीकडे सारखे नाही, कुठे दोन कुठे सहा, कारण वाऱ्याने केळीचं पान आडव्या शिरांवरच फाटतं आणि अख्खं गुळगुळीत पान फक्त नवीन फुटलेलं असतं. सेटमध्ये सगळी अख्खीच दिलीत.

लेझरमुळे कडा तपकिरी जळक्या येतात. काही लोक याला दोष म्हणतात, मला तर आवडलं, जुन्या पानांना ती कड तशीच ठेवली, फुकटात वाळकं पान तयार. कोवळ्या पानांना मात्र रंगात लपवावी लागते.

रंगाचं सांगतो, कारण इथे मी माती खाल्ली. शीट आधीच हिरव्या रंगाच्या कागदाच्या आहेत आणि डब्यावर लिहिलंय रंगवायची गरज नाही. गरज आहे हो! दहाच्या दहा शीट एकाच हिरव्या, तशाच लावल्या तर वाढदिवसाची सजावट वाटते. आणि कागद कच्चा असल्यामुळे त्याच्यावर थेट पाण्याचा अॅक्रिलिक मारला तर पान पाणी पितं आणि जिलबीसारखं वळतं, माझी नेच्याची अख्खी शीट अशी गेली. मग शीटमधून सुटं करायच्या आधीच दोन्ही बाजूंनी लॅकर प्राइमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) पातळ हात मारला, वाळू दिला, त्यानंतर एअरब्रशने खाली गडद आणि वर पिवळट हिरवा, शेवटी दर पाच-सहा पानांमागे एखादं पिवळं, एखादं पार मेलेलं. ऑलिव्ह ड्रॅब (लष्करी मळकट हिरवा) रणगाडा हिरव्या झाडीत ठेवला की दिसतच नाही (प्रत्यक्षात तोच हेतू, पण शेल्फवर नको ना), म्हणून हिरव्यापेक्षा तपकिरी-पिवळ्यावर जास्त जोर दिला, मातीही लालसर केली, तेव्हा कुठे गाडी उठून आली.

आता मॉन्स्टेरा. दोन अख्ख्या शीट त्याच्याच आहेत, आणि पानं सुंदर आहेत यात वाद नाही, भोकं-चिरा सगळं जिथल्या तिथे. पण मॉन्स्टेरा मूळचा दक्षिण मेक्सिको ते पनामा भागातला! १९४४ च्या बर्माच्या रानात ओढ्याकाठी तो काय करतोय? डब्यावर पॅसिफिक, बर्मा, व्हिएतनाम सगळी नावं छापलीत आणि आत कुंडीतलं शोभेचं झाड दिलंय. त्याऐवजी बांबूच्या दोन शीट जास्त दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं, बर्मा म्हटलं की बांबू, आणि इथे एकच शीट आहे ज्यात धड एक बेटही होत नाही.

स्केलचाही घोळ आहे. १/३५ मध्ये १७५ सेंमीचा माणूस ५० मिमीचा. केळीचं चांगलं वाढलेलं पान सहज २ मीटरचं असतं म्हणजे इथे साधारण ५७ मिमी पाहिजे, सेटमधलं सगळ्यात मोठं पान मी मोजलं तर ३८ मिमी. चालतं, लहान रोप म्हणून खपतं, पण ९ सेंमी उंचीच्या लीच्या शेजारी जंगल कमरेएवढंच राहतं. १५ मीटरचा बांबू करायचा म्हटलं तर ४३ सेंमी होतो, तेवढं कोणी करत नाही हे मान्य, मी वरून सरळ कापूनच टाकलेत, फ्रेमच्या बाहेर गेले असं समजायचं. पण थोडी उंची लागतेच, नाहीतर रणगाडा कोबीच्या शेतात शिरल्यासारखा दिसतो. (माझा पहिला ले-आउट बघून घरून आलेली प्रतिक्रिया हीच होती, शब्दशः.)

आणि एक, सेटच्या फोटोत सगळीकडे सारखीच गच्च झाडी दाखवलीये. जुन्या उंच रानात खाली ऊन पोचत नाही, त्यामुळे जमिनीवर पाचोळा, मुळं आणि तुरळक रोपं, बास. गच्च गुंता होतो तो वाटेच्या कडेला, ओढ्याकाठी, जिथे झाडं तोडलीत तिथे. हे कळल्यावर मी अर्धी पानं परत काढली, आतला भाग मोकळा ठेवला, तिथे खऱ्या वाळक्या पानांचा चुरा गाळून पातळ पीव्हीएने (पांढऱ्या गोंदाने) बसवला आणि सगळी दाटी वाटेच्या दोन्ही कडांना ढकलली. लगेच आत अंधार असल्यासारखं वाटायला लागलं. सेटमध्ये पाचोळ्याची एक पुडी सुद्धा नाही.

चिखलाची पेस्ट ठीकठाक, पोत चांगला पण वाळल्यावर आकसते आणि तडे जातात, दोन थरात लावा. गवताच्या तंतूंबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

रेझिनवर मात्र राग आहे. कागदावर फक्त २:१ लिहिलंय, वजनाने की मापाने ते नाहीच. मी मापाने घेतलं, चार दिवसांनी ओढा अजून बोटाला चिकटत होता, वर धूळ बसायला लागली होती आणि एक मेलेली माशी पण, जी स्केलमध्ये घुबडाएवढी होती. सगळं खरवडून काढलं, दुसऱ्यांदा वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजलं आणि ३ मिमीच्या दोन थरात ओतलं, तेव्हा काचेसारखं जमलं. जी दोन-तीन पानं सील न करता पाण्यावर टेकवली होती ती रेझिन पिऊन काळपट, तेलकट झाली, ती आता उपटता पण येत नाहीत. कडेला पाणी पानांच्या देठांवर चढलेलं दिसतं ते वेगळंच, त्याच्यावर मॅट वार्निश मारून झाकलंय.

सूचनापत्रात सुपरग्लू वापरा म्हणतात, नका वापरू, पानांवर पांढुरकी वाफ बसते. आणि बेस थर्माकोल किंवा फोमचा असेल तर तो वितळतो सुद्धा. पीव्हीए लावा आणि धीर धरा.

घ्यावा का? पानांसाठी घ्या, डोळे झाकून. हाताने एकेक नेचा कापायला बसलात तर वर्ष जाईल. कंपनी पानं सुटी विकत असेल तर तीच घ्या आणि रेझिन दुसरीकडून आणा. पाचपैकी साडेतीन देतो, अर्धा त्या माशीचा कापला.

मॉन्स्टेराच्या दोन्ही शीट कोऱ्या पडल्यात, मध्य अमेरिकेतलं काही करत असाल तर सांगा, पाठवून देतो.