कारखान्याचा मास्टर डेटा कुठे सांभाळायचा: एक्सेल, ईआरपी की स्वतंत्र यंत्रणा?

काही वर्षांपूर्वी जानेवारीत, ऐन गाळपात, सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात रात्री दीडला बॉयलरच्या आयडी फॅनचं, म्हणजे धूर बाहेर ओढणाऱ्या पंख्याचं, बेअरिंग गेलं. मी तेव्हा तिथे स्टोअरला होतो. प्लमर ब्लॉकमधलं (बेअरिंग बसवायच्या घरातलं), नंबर २२२२० के. कॉम्प्युटरवर शिल्लक शून्य. कोल्हापुरातल्या एका दुकानदाराला झोपेतून उठवून माल आणेपर्यंत सकाळचे सात वाजले. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना थांबला की तासाला दोनशे टनांवर ऊस अडतो. यार्डात गाड्यांची रांग, ऊस वाळतोय, आणि बैलगाडीवाले शेकोटी करून बसलेले. ते दृश्य मी विसरलेलो नाही.

मार्चअखेरच्या मोजणीत तेच बेअरिंग दोन नग निघालं. नाव होतं ‘आयडी फॅन ब्लॉक बेअरिंग’, कोड निराळा. शेजारच्याच खणात तिसरी नोंद सापडली: ‘स्फेरिकल रोलर बेअरिंग १००×१८०×४६’. मापं अगदी तीच. पण ते सरळ बोअरचं (आतल्या भोकाचं) होतं, १०० मिमीच्या शाफ्टवर थेट बसणारं. ‘के’ म्हणजे निमुळता बोअर. तसं बेअरिंग शाफ्टवरच्या निमुळत्या नळीवर, म्हणजे स्लीव्हवर, चढतं आणि शाफ्ट ९० मिमीचा असतो. म्हणजे एकीकडे एकाच वस्तूला दोन नावं, आणि दुसरीकडे एकाच मापाच्या दोन वेगळ्या वस्तू. हा गुंता नीट समजला नाही, तर कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, तो तसाच त्यात जाऊन बसतो.

मटेरियल, यंत्रं, पुरवठादार, ऊस उत्पादक यांच्या मूळ नोंदी, म्हणजेच मास्टर डेटा, कुठे ठेवायचा, असं मला सातारा-सांगलीतल्या कारखान्यांतून विचारलं जातं. समोर साधारण तीन वाटा असतात.

विभागवार एक्सेल आणि हिशेबाला टॅली

ही वाट हसण्यावारी नेऊ नका. कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये चार-पाचशे आयटम आहेत, स्टोअर कीपर एकच आहे आणि मालक रोज शॉपमध्ये फिरतो, तर एक नीट फाइल आणि खणाला लावलेलं आवक-जावक नोंदीचं बिन कार्ड पुरतं. पण साखर, कोजन (वीजनिर्मिती) आणि डिस्टिलरी एकत्र असलेल्या ठिकाणी इंजिनिअरिंगची फाइल वेगळी, परचेसची वेगळी, इलेक्ट्रिकलची तिसरी, आणि प्रत्येकात तीच मोटर निराळ्या नावाने. शिवाय ती नावं ज्यांच्या डोक्यात पक्की असतात ते स्टोअर कीपर सेवानिवृत्त झाले, की पुढच्या माणसाला दोन हंगाम नुसते खण उघडून बघावे लागतात. अशा कारखान्याला ही वाट मी सुचवणार नाही.

ईआरपीतच मास्टर ठेवणं

ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर, हिशेब असे सगळे विभाग एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. एकाच युनिटच्या बहुतेक कारखान्यांसाठी माझं मत या बाजूने आहे. एसएपी असो, मुंबईत तयार झालेलं मुक्तस्रोत ईआरपीनेक्स्ट असो किंवा स्थानिक कंपनीने लिहून दिलेलं पॅकेज, आयटम, पुरवठादार आणि यंत्रं यांचे मास्टर त्यात असतातच. ईआरपीनेक्स्टला लायसन्स फी नाही. पण बसवणं, सर्व्हर आणि शिकवणं यांचा खर्च धरावाच लागतो. एसएपीत मटेरियलच्या छोट्या वर्णनाला ४० अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे नाव कसं लिहायचं ते आधी ठरवावं लागतं. मला ही मर्यादा उलट शिस्तीची वाटते. आधी वस्तू, मग प्रकार, मग क्रमांक आणि पुढची अक्षरं: ‘बेअरिंग, स्फेरिकल रोलर, २२२२० के, सी ३’. यातलं ‘सी ३’सुद्धा गाळायचं नाही, कारण त्यातून आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त असल्याचं कळतं. ‘आयडी फॅनचं’ हे शब्द मात्र नावात नकोत. तेच बेअरिंग उद्या बगॅस (चिपाड) वर नेणाऱ्या एलिव्हेटरलाही लागेल.

कोडबद्दल माझं मत बदललं आहे. पूर्वी मी अर्थपूर्ण कोडचा आग्रह धरायचो: पहिले दोन आकडे विभागाचे, पुढचे दोन गटाचे. दिसायला छान. पण मिलचं आणि डिस्टिलरीचं बेअरिंग एकच निघालं की कोड कुठल्या विभागात पाडायचा? दोन्हीकडे पाडला जातो, आणि तिथेच डुप्लिकेट जन्मतं. आता मी सरळ चालू क्रमांक द्यायला सांगतो. गट, मापं, एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाच्या वर्गाचा क्रमांक) हे वेगळ्या रकान्यांत. बेअरिंगचा एचएसएन ८४८२, पंपाचा ८४१३. खरेदी बिलावर तो बहुधा असतोच, त्यामुळे जुनी बिलं हाताशी घेतली की गट पाडायला मोठी मदत होते.

ईआरपी निवडताना एक गोष्ट डेमोमध्ये करून दाखवायलाच सांगा: जागा आणि यंत्र यांची वेगळी नोंद. ‘इंजेक्शन पंप नंबर २ ची मोटर’ ही जागा झाली. तिथे आज बसलेली, ठरावीक सिरियल नंबरची मोटर हे यंत्र. मोटर जळते, रिवाइंडिंगला (तारा पुन्हा गुंडाळायला) जाते, तिच्या जागी स्पेअर बसते. परत आलेली मोटर दोन महिन्यांनी नंबर ४ वर चढते. नोंद फक्त जागेवर असेल, तर तीनदा रिवाइंड झालेली मोटर कुठली हे कुणालाच सांगता येत नाही आणि आपण तीच मोटर महत्त्वाच्या पंपावर पुन्हा चढवतो. एसएपीत या दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवता येतात. काही छोट्या पॅकेजमध्ये ‘मशीन’ असा एकच रकाना असतो. ते स्वस्त असलं तरी दुरुस्तीचा इतिहास त्यात टिकत नाही.

स्वतंत्र मास्टर डेटा यंत्रणा

इथे नवी नोंद थेट ईआरपीत होत नाही. आधी मागणी येते, तपासणी होते, मिळतीजुळती नावं समोर येतात, मंजुरी मिळते आणि मग कोड सगळ्या सिस्टिमना जातो. तीन-चार युनिट असलेला समूह असेल आणि प्रत्येक युनिटचं सॉफ्टवेअर वेगळं असेल, तर याचा उपयोग मोठा आहे. एका युनिटच्या स्टोअरमध्ये पडलेला मिल रोलरचा पिनियन (दातेरी चाक) दुसऱ्याला दिसला, तर नवीन पिनियनची ऑर्डर आणि वाट बघण्यातले आठवडे, दोन्ही वाचू शकतात. पण एका युनिटला हिचा खर्च झेपला तरी ही यंत्रणा पेलत नाही, कारण ती चालवायला पूर्णवेळ माणसं लागतात. माणसंच द्यायची असतील तर आधी ईआरपीतल्या मास्टरला द्या.

पुरवठादारांचं काम त्या मानाने सोपं आहे. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा, त्यातली पहिली दोन राज्याची (महाराष्ट्राचे २७) आणि पुढची दहा म्हणजे पॅन. पॅनवरून यादी लावली की एकाच व्यापाऱ्याची तीन खाती लगेच उघडी पडतात. ऊस उत्पादकांच्या नोंदी मी पाहिल्या तिथे बऱ्याच चोख असतात. बँक खातं चुकलं की सभासद दुसऱ्या दिवशी शेती विभागात हजर होतो आणि चूक दुरुस्त होते. स्टोअरमधल्या चुकीची तक्रार करायला असं कुणी येत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं राहते.

कुठलीही वाट घ्या, नवीन कोड पाडायचा अधिकार दोनच लॉगिनना द्या: एक स्टोअरचा अनुभवी माणूस, एक मेकॅनिकलचा इंजिनिअर. मागणीला त्याच दिवशी उत्तर मिळालं पाहिजे. उशीर झाला की लोक ‘इतर साहित्य’ या कोडवर खरेदी उरकतात, आणि पुढे तो माल शोधता येत नाही. रात्रीच्या ब्रेकडाउनसाठी तात्पुरता कोड ठेवा आणि आठवड्याच्या आत तो पक्क्या कोडमध्ये बदला.

जुनी यादी सगळी एकदम साफ करायला घेऊ नका. गाळप थांबवू शकणाऱ्या यंत्रांपासून सुरुवात करा: मिल हाउस, बॉयलरचे फॅन आणि फीड पंप, टर्बाइन, इंजेक्शन पंप. ऑफ सीझनमध्ये ही यंत्रं उघडलेली असतात, नेमप्लेट पुसून वाचता येते, जुन्या बेअरिंगवरचा नंबर हाताशी असतो. एक फिटर आणि स्टोअरचा एक माणूस रोज सकाळचे दोन तास एकत्र बसवा आणि खणातला नग प्रत्यक्ष हातात घेऊनच नोंद जुळवा. ‘के’ आहे की नाही हे तेव्हाच दिसतं. हंगामाआधी बॉयलर पेटवण्याच्या, म्हणजे अग्निप्रदीपनाच्या, आधी एवढ्या यंत्रांचं काम संपवा. मोळी पडून गाळप सुरू झाल्यावर फिटरला या कामासाठी कुणी सोडत नाही.