डीएसजीचे झटके: नाशिकच्या अंबडमधल्या एका गॅरेजची तपासणी कशी आहे?
डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली गाडी द्वारका सर्कलच्या गर्दीत पहिल्याचा दुसरा गिअर पडताना थरथरली की बहुतेक ठिकाणी थेट ‘मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट) गेलं’ असं सांगून मोकळे होतात. इथे तसं नाही. आधी स्कॅनर लावून इंजिनाचा मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) आणि गिअरबॉक्सचे फॉल्ट कोड बघतात, मग इंजिन-गिअरबॉक्स धरून ठेवणारं रबरी माउंटिंग पहारीने हलवून पाहतात. फाटलेलं माउंटिंगही अगदी असाच धक्का देतं.

खरी हुशारी चाचणीत दिसते. सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीत १, ३, ५, ७ एका क्लचवर, तर २, ४, ६ आणि रिव्हर्स दुसऱ्यावर. त्यामुळे गाडी चढावर हळूहळू रिव्हर्स घेतात. तिथेही थरथर आली तर संशय दुसऱ्या क्लचवर. फक्त उठतानाच आली तर पहिल्यावर. मग बेसिक सेटिंग आणि अडॅप्टेशन ड्राइव्ह, म्हणजे स्कॅनरने आणि गाडी चालवून गिअरबॉक्सला क्लचची पकड नव्याने शिकवणं. घासलेला क्लच त्याने सुधारत नाही, हे आधीच स्पष्ट सांगतात.

खटकतो तो यांचा गिअरबॉक्स ऑइल बदलायचा आग्रह. ड्राय क्लच तेलात बुडलेला नसतोच, मग थरथर जाणार कशी? सहा गिअरच्या वेट (तेलात बुडलेल्या) क्लचच्या डीएसजीला मात्र दर ६०,००० किमीला ऑइल-फिल्टर हवाच. झटका थंड गाडीत येत असेल तर ती आदल्या रात्रीच गॅरेजात सोडा, म्हणजे सकाळी थंड असतानाच तपासता येईल.