टॉवेलमागचं जंगल: स्वस्त क्रेडिट घ्यावं की महाग?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मित्राचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. मध्यंतरी युरोपातल्या गिऱ्हाईकाची मेल आली: मालामागचा कार्बन कमी करा, उरलेल्याची भरपाई दाखवा. पाठोपाठ एक दलाल कार्बन क्रेडिटची दोन कोटेशनं ठेवून गेला. दोन्ही उष्ण कटिबंधातलं जंगल वाचवण्याची, दोन्हींत एक क्रेडिट म्हणजे हवेत जायचा वाचलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. फरक भावात. ‘स्वस्तातलं घेऊन मोकळा होतो’, मित्र म्हणाला. मी म्हटलं, जरा थांब.

स्वस्त कोटेशनमधलं क्रेडिट एका जंगलपट्ट्याचं. कंपनी पट्टा राखते, ‘आम्ही नसतो तर इतकं तुटलं असतं’ असा अंदाज बांधते आणि न तुटलेल्याची क्रेडिटं विकते. ग्यानबाची मेख त्या अंदाजात आहे. ज्याला भरपाई मिळायची त्यानंच पंचनामा लिहायचा, असला हा प्रकार. २०२३ च्या जानेवारीत ब्रिटनच्या ‘गार्डियन’नं व्हेरा या संस्थेनं प्रमाणित केलेली वर्षावनांची ९० टक्क्यांहून जास्त क्रेडिटं पोकळ असल्याची बातमी छापली. व्हेरानं ती नाकारली, पण बाजाराचा विश्वास उडायचा तो उडालाच.

दुसरी गोम आपल्याकडच्यांना समजावून सांगायला नको. भीमेच्या एका घाटावर वाळूउपसा बंद झाला की डंपर पुढच्या घाटाला लागतात. जंगलतोडीचंही तेच.

महाग क्रेडिट अख्ख्या राज्याच्या किंवा देशाच्या हिशेबाचं. तोड इकडून तिकडे सरकली तरी वहीत दिसते. गयाना या देशाला २०२२ च्या डिसेंबरात अशी सुमारे ३ कोटी ३५ लाख क्रेडिटं मिळाली. हेस या तेल कंपनीनं तेव्हाची आणि पुढं मिळायची धरून ३ कोटी ७५ लाख क्रेडिटांसाठी किमान ७५ कोटी डॉलर कबूल केले, म्हणजे सरासरी टनाला २० डॉलर. त्यातला १५ टक्के वाटा आदिवासी गावांना. आता ही हेस तेव्हा गयानाच्याच समुद्रातलं तेल काढण्यात भागीदार होती, हे वाचून मला हसू आलं. शिवाय गयानात तोड मुळातच कमी होती, त्यामुळे ‘वाचवलं’ म्हणजे नेमकं काय, हा वाद तिथंही आहेच.

तरी मोठ्या हिशेबावर माझा भरवसा जास्त, त्याचं कारण ब्राझील. २००४ साली तिथल्या ॲमेझॉनमध्ये सुमारे २७,७०० चौरस किलोमीटर जंगल गेलं, म्हणजे एका वर्षात जवळपास दोन सोलापूर जिल्हे. उपग्रहाची नजर, धाडी, कर्जावर बंधनं असं सरकारनं लावून धरलं आणि २०१२ मध्ये आकडा ४,६०० च्या आसपास आला. एका पट्ट्याच्या राखणदाराच्या हातचं हे काम नव्हे. नॉर्वेनं तिथल्या जंगल राखण्यासाठीच्या ॲमेझॉन फंडात पैसे घातले, पण ती मदत आहे, त्यावर भरपाईचा दावा करता येत नाही. हिशेब देशाबाहेर न्यायचा तर घोडं अडतं: ॲमेझॉनचे आठ देश २०२३ च्या ऑगस्टमध्ये ब्राझीलमधल्या बेलेमला जमले, पण तोड थांबवायच्या सामायिक मुदतीवर त्यांचं एकमत झालं नाही.

‘त्यापेक्षा नान्नजच्या माळावर झाडं लावू’, हा मित्राचा तिसरा पर्याय. तो तर नकोच. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. ते माळढोकासाठी राखलेलं अभयारण्य आहे, तिथं गवतच हवं.

माझा सल्ला असा. आधी डाइंगच्या बॉयलरची उष्णता कुठं गळते ते बघा. मित्राकडच्या वाफेच्या पाइपवरचं आवरण दोन ठिकाणी फाटलंय, खाली उभं राहिलं की डोक्याला धग लागते. ती गळती बुजवून जो कार्बन उरेल तेवढ्यापुरतीच देशपातळीच्या हिशेबाची क्रेडिटं घ्या. दलालाकडून क्रेडिटांचे अनुक्रमांक लेखी घ्या आणि क्रेडिटांच्या ऑनलाइन नोंदवहीत ती तुमच्या कारखान्याच्या नावानं कायमची रद्द झाल्याचं स्वतः उघडून बघा, नाहीतर तेच क्रेडिट उद्या इचलकरंजीतही विकलं जाईल. मित्रानं अनुक्रमांक मागितलेत. दलाल म्हणतो, सोमवारी देतो.