सिंकप्ले की जेलीफिन? तीन घरांत एकदम बघायचं असेल तर

गेल्या पावसाळ्यात भावाच्या लग्नाचा व्हिडिओ सगळ्यांनी आपापल्या घरी बसून एकदम बघायचा असं ठरलं. मी नि आई बेळगावात, ताई निपाणीला, मामा खानापूरच्या पलीकडं. कॉलवर स्क्रीन शेअर करून झालं होतं, पण त्यात चित्र इतकं धूसर की चेहरे अंदाजानं ओळखायला लागायचे, ते सोडाच.

मग उरले दोन: जेलीफिन, म्हणजे आपल्या पीसीवरचे व्हिडिओ नेटवरून दुसऱ्यांना दाखवणारं सॉफ्टवेअर, आणि सिंकप्ले, म्हणजे प्रत्येकाच्या लॅपटॉपवरचा प्लेयर एकाच जागी ठेवणारं. गंमत म्हणजे जेलीफिनमध्ये 2020 साली ग्रुपनं बघायची सोय आली तिचं नावपण सिंकप्लेच, आणि मी म्हणतोय ते सिंकप्ले वेगळंच सॉफ्टवेअर, एकमेकांशी काही संबंध नाही.

जेलीफिन दिसायला झकास, फाईल माझ्या पीसीवर, बाकीच्यांनी फोनवर उघडायचं नि बघायचं. पण सगळ्यांना व्हिडिओ माझ्याच घरच्या अपलोडवरून जाणार, आणि एकाचं बफर व्हायला लागलं की अख्खा ग्रुप त्याच्यासाठी थांबतो. नियम बरोबरच आहे की, पण खानापूरकडं पाऊस लागला की मामांकडं नुसतं चाक फिरत बसायचं आणि आम्ही इकडं नवरदेवाच्या अर्धवट बांधलेल्या मुंडावळ्या बघत. चौथ्यांदा थांबलं तेव्हा आई भाकऱ्या थापायला उठली ती परत आलीच नाही. तिथंच माझं मन उडालं. दोष जेलीफिनचा नाही म्हणा.

सिंकप्लेत व्हिडिओ नेटवरून जातच नाही. फाईल प्रत्येकाकडं आधीच पाहिजे, नेटवरून फक्त कोण कुठं पोचलाय, कुणी पॉज केलं एवढाच निरोप, त्याला नेट लागून लागून किती लागणार? कोण जरासं पुढं गेला तर त्याचा स्पीड 95 टक्क्यांवर येतो (अंतरपाटाच्या वेळी आमच्यात कुणालाच कळलं नाही), 4 सेकंदांच्या वर गेला तर सरळ मागं ओढतं. ताईकडं चुकून कापलेली फाईल गेली होती, तर लांबी जुळत नाही म्हणून लगेच दाखवलं.

कटकट एवढीच की पेनड्राईव्ह बसनं पाठवायला लागला आणि प्रत्येकाकडं लॅपटॉप पाहिजे. तुमच्याकडं सगळेच फोनवाले असतील नि नेट धड असेल तर जेलीफिन घ्या, माझं काही म्हणणं नाही. नाहीतर सिंकप्ले टाका, त्याच्यासोबत व्हिडिओ चालवायला प्लेयर एमपीव्ही ठेवा, व्हीएलसीपेक्षा मला तो बरा वाटला. सिंकप्लेत सगळे ज्या रूममध्ये जमतात त्या आमच्या रूमचं नाव कुंदा ठेवलंय, मामा तेवढं विसरत नाहीत.