रिॲक्ट नेटिव्ह कीबोर्ड कंट्रोलर: दूध संकलनाच्या ॲपमध्ये काही महिने वापरल्यावर

आमचं ॲप दूध संकलन केंद्रांसाठी आहे. सभासदाचा कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट वगळता दुधातले घन पदार्थ), लागलाच तर शेरा आणि खाली ‘जतन करा’, एवढाच फॉर्म. पण तो सकाळ-संध्याकाळ रांगेतल्या प्रत्येकासाठी भरायचा असतो, तोही बहुतेक ठिकाणी लहान पडद्याच्या अँड्रॉइड फोनवर. कीबोर्ड उघडला की निम्मा पडदा गेला. एसएनएफचा रकाना आड गेला तर माप घेणारा माणूस एका हाताने फोन वर सरकवत बसतो आणि रांग खोळंबते. म्हणून कीबोर्ड नीट हाताळणं हे आमच्या ॲपमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, असं मी मानतो. त्यासाठी घेतलेल्या ‘रिॲक्ट नेटिव्ह कीबोर्ड कंट्रोलर’ या लायब्ररीचा, म्हणजे तयार कोडच्या संचाचा, हा अनुभव.

रिॲक्ट नेटिव्ह या, जावास्क्रिप्टमधून मोबाइल ॲप लिहिण्याच्या चौकटीत यासाठी ‘कीबोर्ड अव्हॉइडिंग व्ह्यू’ हा घटक आधीपासून आहे. एखाद-दुसऱ्या रकान्याच्या लॉगिन स्क्रीनला तो पुरतो. अडचण येते ती लांब फॉर्मला. आयओएसवर कीबोर्ड उघडण्याआधी ‘विल शो’ ही सूचना मिळते, अँड्रॉइडवर मात्र फक्त उघडून झाल्यावरची ‘डिड शो’. म्हणजे कीबोर्ड वर आल्यानंतर मजकूर उडी मारून सरकतो. शिवाय हेडरची उंची हाताने मोजून ऑफसेट (सोडायचं अंतर) द्यायचा, आणि प्रत्येक स्क्रीनला तो वेगळा.

त्यात अँड्रॉइड १५ आलं. टार्गेट एसडीके (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या पातळीसाठी बांधलं आहे तो आकडा) ३५ केल्यावर ॲप पडद्याच्या कडेपासून कडेपर्यंत पसरतं, आणि ‘ॲडजस्ट रिसाइझ’ लिहून ठेवलं की खिडकी आपोआप आक्रसेल हा जुना भरवसा राहत नाही. कीबोर्डने व्यापलेली जागा ॲपने स्वतः ओळखून सोडायची. गूगल प्लेने ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपना आणि अपडेटना हीच पातळी बंधनकारक केली, त्यामुळे आम्हाला बदल करणं भागच होतं. तेव्हा ही लायब्ररी घेतली.

तिचं मूळ बळ एका गोष्टीत आहे. कीबोर्ड वर येत असताना प्रत्येक फ्रेमला तो कुठवर पोहोचला आहे, हे ॲपला कळतं. अँड्रॉइड ११ मध्ये, २०२० साली, कीबोर्डच्या हालचालीची माहिती ॲपना देण्याची सोय आली. ही लायब्ररी तिचाच उपयोग करते आणि जुन्या आवृत्त्यांवर तशाच हालचालीची नक्कल करते. ‘यूज कीबोर्ड हँडलर’ या हुकमध्ये (घटकात वापरायच्या तयार फंक्शनमध्ये) सुरुवात, हालचाल आणि शेवट अशा वेगवेगळ्या सूचना मिळतात, आणि त्या यूआय थ्रेडवर, म्हणजे पडदा रंगवणाऱ्या धाग्यावरच, चालतात. आमचं ‘जतन करा’ बटण ‘कीबोर्ड स्टिकी व्ह्यू’त ठेवलं आहे. ते आता कीबोर्डला चिकटून वर येतं, स्वस्तातल्या फोनवरसुद्धा.

रोजच्या कामात सगळ्यात जास्त फायदा झाला तो कीबोर्डच्या वर दिसणाऱ्या ‘कीबोर्ड टूलबार’चा. आयफोनच्या अंकांच्या कीबोर्डवर रिटर्नचं बटणच नसतं. आकडा भरल्यावर पुढे कसं जायचं? टूलबारवर मागे-पुढे जाण्याचे बाण आहेत आणि बंद करण्याच्या बटणावर आपले शब्द घालता येतात. आम्ही ‘झालं’ लिहिलं. पूर्वी प्रत्येक रकान्याला रेफ (कोडमधून त्याला गाठायचा संदर्भ) देऊन पुढच्याचा फोकस हाताने लावावा लागे. आता बाण दाबला की लिटरवरून फॅटवर, फॅटवरून एसएनएफवर. दराचा रकाना हिशेबाने भरतो, संपादनाला बंद आहे, तर तो आपसूक वगळला जातो. कोणी काही न सांगता ही गोष्ट बरोबर चालताना पाहून मला खरंच समाधान वाटलं.

शेऱ्याचा रकाना हा वेगळाच विषय. तिथे आकड्यांचा कीबोर्ड जाऊन मराठीचा येतो. कोणी इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितं, कोणी देवनागरी अक्षरपाटी वापरतं, आणि वर शब्द सुचवणारी पट्टी असते. कीबोर्ड बंद न होताच त्याची उंची बदलते. जुन्या पद्धतीत हा बदल निसटायचा आणि शेऱ्याची खालची ओळ झाकली जायची. ‘कीबोर्ड अवेअर स्क्रोल व्ह्यू’ तो बदल धरतो. त्यात ‘बॉटम ऑफसेट’ म्हणून रकाना आणि कीबोर्ड यांमधलं अंतर देता येतं. वर टूलबार असेल तर त्याची उंची या अंतरात धराच.

कीबोर्ड बंद करण्याची आज्ञा प्रॉमिस परत करते, म्हणजे काम पूर्ण झाल्याचं कोडला कळतं, हेही मोठं काम आहे. कीबोर्ड पूर्ण खाली गेल्यावरच आम्ही पावतीची खिडकी उघडतो. पूर्वी दोन्ही हालचाली एकमेकींत अडकायच्या.

आता उणिवा. ही लायब्ररी रिॲनिमेटेड या ॲनिमेशनच्या दुसऱ्या लायब्ररीवर अवलंबून आहे. तुमच्या ॲपमध्ये ते नसेल तर एका कीबोर्डसाठी ते ओझं घ्यायचं का, याचा विचार करा. नेटिव्ह (थेट अँड्रॉइड आणि आयओएससाठी लिहिलेला) कोड असल्यामुळे ॲपची नवी बिल्ड काढावीच लागते, नुसतं जावास्क्रिप्टचं अपडेट पाठवून भागत नाही. बोटाने ओढून कीबोर्ड खाली नेण्याची सोय अँड्रॉइडवर ११ पासून पुढेच चालते, आणि आमच्या केंद्रांवर त्याहून जुने फोन अजून आहेत. तरंगता कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी तर काहीच करता येत नाही, कारण तो खालून जागा व्यापतच नाही. बटणावर आला तर माणसाने तो बाजूला सरकवायचा.

आणखी एक, कारण नवे लोक इथे हमखास अडतात. ‘जतन करा’सारखं बटण स्क्रोल व्ह्यूच्या (सरकणाऱ्या भागाच्या) आत असेल, तर रकान्यात कर्सर असताना ते पहिल्यांदा दाबलं की नुसता कीबोर्ड बंद होतो, जतन होत नाही. हे स्क्रोल व्ह्यूचं मुळातलं वागणं आहे आणि ही लायब्ररी घेतल्याने ते बदलत नाही. ‘कीबोर्ड शुड पर्सिस्ट टॅप्स’ या त्याच्या सेटिंगला ‘हँडल्ड’ हे मूल्य द्यावंच लागतं.

ज्यांच्या ॲपमध्ये फक्त शोधाची एक पट्टी आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. फॉर्म, चॅट किंवा नोंदवह्या असतील तर जरूर घ्या. एकेक स्क्रीन बदलत असाल तर त्या स्क्रीनवरचा जुना ‘अव्हॉइडिंग व्ह्यू’ आधी काढा, नाहीतर दोघेही जागा सोडतात आणि कीबोर्डच्या वर रिकामा पांढरा पट्टा उरतो.