‘बॉडी टाईप’ डाएट-वर्कआउट प्लॅन : शिगम्यापासून दिवाळीपर्यंत वापरून झाल्यावर

प्लॅन ॲपवरचा आहे; शरीराची ठेवण (‘बॉडी टाईप’) बघून जेवण आणि व्यायाम ठरवून देणारा. नाव देत नाही, कारण या जातीचे सगळे प्लॅन थोड्याफार फरकाने सारखेच असतात. आधी निकाल सांगतो : व्यायामाचा भाग पैसे वसूल. खाण्याच्या भागात मात्र घोळ आहे, आणि तो सगळ्यात जास्त नडतो हातपाय काटकुळे पण पोट पुढे असलेल्या माणसांना. मी त्यातलाच, राहतो गोव्यात. वय ३४, उंची १७२ सेंटिमीटर, सुरुवातीचं वजन ६१ किलो, बेंबीवर टेप धरली तर ८८ सेंटिमीटर. शर्ट इन केला नाही तर लोक म्हणणार, ‘अरे, खा काहीतरी.’

टाईप ठरवायची पद्धत बघा. एका हाताचा अंगठा आणि मधलं बोट दुसऱ्या मनगटाभोवती लपेटायचं. बोटं एकमेकांवर चढली तर एक्टोमॉर्फ (काटकुळा), जेमतेम टेकली तर मेसोमॉर्फ (पिळदार), टेकलीच नाहीत तर एंडोमॉर्फ (स्थूल). माझं बोट चांगलं पेरभर चढलं. मग ‘लहानपणी कितीही खाऊन अंगाला लागायचं नाही का?’ वगैरे. हो, नव्हतं लागत. झालो एक्टोमॉर्फ. कमरेचं माप, घरात कोणाला मधुमेह आहे का, रक्तातली साखर किती, यातलं काहीही विचारलं नाही.

एक्टोमॉर्फला मिळतं ते असं : दिवसाला २९०० कॅलरी, त्यातल्या ५५ टक्के कर्बोदकांतून, २५ टक्के प्रोटीनमधून, २० टक्के फॅटमधून. ही टक्केवारी नेटवर सगळीकडे फिरते. आता हिशेब करा. २९०० चे २५ टक्के म्हणजे ७२५ कॅलरी. प्रोटीनच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी धरल्या तर १८१ ग्रॅम. माझ्या वजनाला किलोमागे जवळजवळ ३ ग्रॅम! आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत साध्या निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, आणि वजनं उचलणाऱ्यांसाठी क्रीडा-पोषणातले जाणकार साधारण १.४ ते २ ग्रॅम सांगतात. म्हणजे मला शंभर-एकशे दहा ग्रॅम भरपूर झाले. वरचं सगळं प्रोटीन पावडरचे डबे खपवायला. आणि कर्बोदकं ४०० ग्रॅम. सकाळी पेज, दुपारी ताटभर उकड्या तांदळाचा भात, संध्याकाळी केळी आणि पोई (गोव्याचा गव्हाचा पाव), रात्री परत भात. पहिले काही आठवडे इमानेइतबारे पाळलं. वजन वाढलं, आणि टेप ९१ वर गेली. भारतीय पुरुषांसाठी धोक्याची रेघ ९० ला आहे.

याचं कारण कळायला अमेरिका गाठायची गरज नाही, पुणं पुरतं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबी, हा आपल्याकडचा नेहमीचा नमुना. आमच्या शिफ्टमध्ये असे निम्मे तरी निघतील. तीन टाईपच्या तक्त्यात या माणसाला जागाच नाही. मनगट बघितलं की तो एक्टोमॉर्फ, पोट बघितलं की एंडोमॉर्फ.

आणि हा तक्ता मुळात जेवणासाठी नव्हताच. १९४० च्या दशकात विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शरीराच्या ठेवणीवरून स्वभाव ओळखता येतो असा दावा केला, त्यासाठी हे तीन प्रकार काढले. स्वभावाची गोष्ट पुढे कोणी मानली नाही. पण त्यानेही माणसाला एका खणात कोंबलं नव्हतं; प्रत्येकाला तिन्ही प्रकारांचे १ ते ७ मध्ये गुण द्यायचा. १९६७ पासून खेळाडूंची मोजणी हीथ-कार्टर पद्धतीने होते, तीही आज शरीर कसं आहे एवढंच सांगते. व्यायाम केला की आकडे बदलतात. ॲपमध्ये मात्र एकदा एक्टोमॉर्फ म्हणजे जन्मपत्रिकाच.

माझ्या वास्कोच्या मावसभावाला एंडोमॉर्फ ठरवून कर्बोदकं २५ टक्क्यांवर आणली होती. थोडक्यात भात बंद. मावशी म्हणाली, ‘मग हुमण (माशाची आमटी) काय चमच्याने पिणार रे तू?’ त्याने महिनाभर तोंड वाकडं करून काढलं आणि सोडून दिलं. नंतर भात एक वाटी ठेवून, तळण आणि रविवारची बियर कमी करून त्याची कंबर उतरली. गंमत म्हणजे आज आमच्या दोघांच्या जेवणात फरक आहे तो फक्त भाताच्या मापाचा.

मी काय केलं ते सांगतो. मिफलिन-सेंट जिओर सूत्राने बसल्या जागी लागणाऱ्या कॅलरी काढल्या, १५२० आल्या. व्यायाम आणि उभ्याची ड्युटी धरून १.५५ ने गुणलं, साधारण २३५०. त्यावर फक्त दोनशे जास्त. प्रोटीन किलोवर मोजलं, टक्क्यावर नाही. गोव्यात राहणाऱ्याला हे जड नाही : चार अंडी (२४ ग्रॅम), दोन मध्यम बांगडे (२८ च्या आसपास), वाटीभर अळसांद्यांचं तोंडाक, म्हणजे मोठ्या चवळीची उसळ (१२), अर्धा लिटर दूध-दही मिळून (१६), उरलेलं भात-पोईतून आपोआप येतं. बांगडा तव्यावर रवा लावून, पण तेल मोजून एक चमचा.

पंचाईत १ जूनला सुरू होते. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, बाजारात येतो तो बर्फातला आणि महाग. पुरुमेताचं सुकं खारं (पावसाळ्यासाठी साठवलेली खारवलेली मासळी) घरात असतं, पण त्यात मीठ इतकं की ते रोज प्रोटीन म्हणून खाणं शहाणपणाचं नाही. लागूनच श्रावण आला की आई अंडंही घरात येऊ देत नाही. ते दिवस मी सोया चंक्स (५० ग्रॅम सुक्यात २६ ग्रॅम), कुळीथ आणि एक स्कूप व्हेवर (दुधापासूनच्या प्रोटीन पावडरवर) काढले. ॲपच्या ‘शाकाहारी’ यादीत या दिवसांत टोफू आणि किनोआ. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किनोआ विचारून बघा एकदा.

आता जिथे शरीर बघून बदल करणं खरंच कामाला येतं ती जागा : व्यायाम. माझी मांडी लांब आहे. स्क्वॉटला (खांद्यावर बार घेऊन उठाबशा) खाली गेलो की पुढे झुकायचो आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरायची. जिममधल्या ट्रेनरने टाचांखाली अडीच-अडीच किलोच्या प्लेट सरकवल्या, पाय थोडे फाकवले. त्याच दिवशी पाठ सरळ राहिली. हे ॲपच्या व्हिडिओतही आहे, ‘लांब पायवाल्यांसाठी’ म्हणून, आणि पूर्ण प्लॅनमधली ही सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. वजन वाढवायचं वेळापत्रकही चांगलं आहे : ठरलेले सगळे रेप्स (आवर्तनं) नीट झाले तरच पुढच्या वेळी अडीच किलो चढवायचे. नुसत्या २० किलोच्या बारपासून सुरुवात केली, आता ६० किलोचे पाच रेप्स जातात.

बॉडी फॅटच्या मशीनवर पैसे घालू नका. ते अंगातल्या पाण्यावर चालतं. मे महिन्याच्या घामट उकाड्यात व्यायामाआधी एक आकडा, नंतर दुसरा. शिवणकामाची टेप घ्या, सकाळी उपाशीपोटी बेंबीवर धरा.

क्रिएटिन मोनोहायड्रेट (वजनं उचलणारे ताकदीसाठी घेतात ती पूड) रोज ३ ग्रॅम घेतो, फरक जाणवतो. पावसात डब्यात त्याचा दगड होतो, तेव्हा छोटाच डबा घ्या आणि झाकण घट्ट लावा. आणखी एक, रक्त तपासायला गेलात तर क्रिएटिन घेताय हे डॉक्टरांना सांगा. क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीतला) आकडा थोडा वर दिसू शकतो. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवायच्या आधीच विचारा.

दिवाळीला वजन ६६ आणि टेप ८५. दंड भरलेत, फराळ खाऊनही.

प्लॅनला पाचपैकी तीन तारे, तिन्ही व्हिडिओ आणि वेळापत्रकाचे. घ्यायचाच तर तीन महिन्यांचा घ्या. वर्षाचा घेतला की मधे पैसे परत मिळत नाहीत, आणि पहिल्या तीन महिन्यांत सगळे व्यायाम शिकून होतात. मनगटाच्या प्रश्नाला काय उत्तर दिलंत याने व्हिडिओंत काहीच फरक पडत नाही, मी वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिलीत.